ब्लॉक कुणाचा?

प्रति,
पुण्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांचे विश्वस्त, वैद्यकीय संचालक आणि पॅथॉलॉजी विभागप्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींचा रिपोर्ट आणायला तुमच्यापैकी एका रुग्णालयात गेले होते. पॅथॉलॉजीच्या खिडकीला आतून एक कागद चिकटवलेला होता : 'जागेअभावी तीन वर्षांपूर्वीचे ब्लॉक व स्लाइड नष्ट करण्यात येत आहेत. नंतर तक्रार चालणार नाही.' खाली ना सही, ना तारीख, ना तीन वर्षं कधीपासून मोजायची ते. पुणेरी पाट्यांवर आम्ही एरवी खूश असतो. ही वाचली आणि वहिनींना म्हटलं, तुम्ही जरा बसा, मला हे परत एकदा वाचायचंय.

ज्यांच्या घरात हा आजार आलेला नाही (आणि न येवो) त्यांच्यासाठी सांगते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाचे छोटे तुकडे फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणात बसवतात. तो ब्लॉक. काडेपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची कॅसेट, तिच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर, आणि मेणात अंगठ्याच्या नखाएवढा फिकट तपकिरी तुकडा. त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर घेतात, ती स्लाइड. स्लाइडवरून रिपोर्ट होतो. रिपोर्ट हातात आला की घरच्यांच्या लेखी ब्लॉकचा विषय संपतो. आमच्याही संपला होता.

माझ्या यजमानांचं मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ऑक्टोबर २०२१ मध्ये, एका शनिवारी संध्याकाळी झालं. सर्जननी बाहेर बोलावून काढलेला भाग ट्रेमध्ये दाखवला. आपल्याकडे दाखवतात तसा. मी बघितला, मान हलवली. थोड्या वेळानं वॉर्डबॉयनं रुंद तोंडाची पांढरी बरणी आणि एक फॉर्म माझ्या हातात ठेवला. 'काकू, तेवढं खाली लॅबला देऊन या.' लॅबला कुलूप. सुरक्षारक्षक म्हणाला, त्या कट्ट्यावर ठेवा. कट्ट्यावर आधीच दोन बरण्या होत्या. नाव झाकणावर लिहिलेलं, बरणीवर काहीच नाही. म्हणजे झाकणं बदलली तर माणसंच बदलली. सोमवारी सकाळी साडेनऊला मी चौकशीला गेले तेव्हा तिन्ही बरण्या तिथंच होत्या.

आतडं वेळेत उघडून भरपूर फॉर्मालिनमध्ये बुडवलं नाही तर ते द्रावण आतपर्यंत पोचत नाही आणि टिश्यू आतून खराब होऊ लागतो, उलट फार दिवस मुरवलं तर डीएनएचे तुकडे पडतात, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी फक्त बरणी नेऊन ठेवणारी बाई होते.

मी एका सरकारी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ लॉकर विभागात. लॉकरमध्ये काय आहे हे आम्हाला कधीच ठाऊक नसायचं. पण कोण आलं, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, याची सही असायची. एकदा एका आजोबांनी त्यांचा लॉकर कुणी उघडला का म्हणून सतरा वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढायला लावलं होतं. चिडचिड करत काढलं, धूळ झटकली, नोंद सापडली. हे सांगते कारण पुढे जे घडलं त्याकडे मी बायकोच्या नजरेनं बघितलंच, पण लॉकरवालीच्याही नजरेनं बघितलं.

जानेवारी २०२३ मध्ये ह्यांच्या यकृतात गाठी दिसल्या. परळच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूळ गाठीचा ब्लॉक आणा, एमएसआय ही गाठीतली खूण बघून घेऊ. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असली की गाठीत चुकांचा ढीग साचतो, आणि अशा गाठी इम्युनोथेरपीला, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या उपचाराला, चांगल्या वठणीवर येतात, अशी त्यामागची भानगड. पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये, गाठ कुठल्या अवयवात आहे ते न बघता, या एका खुणेवर मंजुरी मिळाली होती. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात शंभरात चार-पाच जणांकडे ही खूण सापडते. आशा मोठी नव्हती. पण तपासणी साधी होती, आणि ब्लॉक तर होताच. असं आम्हाला वाटत होतं.

तुमच्यापैकी एकाच्या खिडकीवर मी अकरा चकरा मारल्या. मॅडम रजेवर आहेत. स्टोअर बेसमेंटला हलवलंय. ज्यांच्याकडे किल्ली आहे ते आज आले नाहीत. अर्जावर सर्जनची सही आणा. सर्जन परदेशी. शेवटी मे महिन्यात चार ब्लॉक मिळाले, झिपच्या पिशवीत. उन्हात मेण मऊ पडू नये म्हणून ह्यांच्या धुतलेल्या रुमालांत गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि डेक्कन क्वीननं दादरला उतरले. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, डब्यात काय हो, मोदक का? मी हो म्हटलं.

चौथ्या दिवशी परळहून फोन आला. चारही ब्लॉकमध्ये गाठ नाही. दोन कापलेल्या कडांचे आहेत, दोन लिम्फ नोडचे, तेही कोरे. रिपोर्ट पुन्हा काढून बघितला. एकंदर चौदा ब्लॉक, त्यांतले पाच ते आठ नंबर गाठीचे. नेमके तेच चार कुठं नव्हते. पुन्हा खिडकीवर. ब्लॉक कुणी नेले त्याचं रजिस्टर बघू द्या म्हटलं तर खिडकीतला मुलगा गप्प झाला. मग हळू आवाजात म्हणाला, 'काकू, बहुतेक कुणी तरी थिसिससाठी नेले असतील. तसं लिहून ठेवत नाहीत.' त्या मुलाचा मला राग नाही. त्या इमारतीत खरं बोललेला तो एकटाच.

मग यकृताची सुई घालून बायोप्सी. रक्तस्राव झाला, दोन रात्री दवाखान्यात काढल्या. तुकडा निदानापुरता पुरला, पुढच्या तपासणीला नाही. 'टिश्यू इनसफिशियंट.' पुन्हा सुई घालायला ह्यांनी नको म्हटलं, आणि मीही आग्रह केला नाही. नोव्हेंबरात हे गेले.

ब्लॉक सापडला असता तर हे वाचले असते असं मी म्हणत नाही. शंभरात चार-पाच जणांत हे असते-नसते. पण ते बघायचं राहून गेलं ते आजारामुळे नाही. रजिस्टर नव्हतं म्हणून राहिलं.

आता तुम्ही विचाराल, हे जुनं दुखणं आज का उगाळता? त्या काचेवरच्या कागदामुळे. आणि तुमच्या पेशात सध्या काय चाललंय ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट जाणता म्हणूनही.

प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनवलेली कर्करोगाची लस आता माणसांना देऊन बघितली जाते आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅक लशीशी तिची गल्लत नको. ती निरोगी मुलींना आधीच देतात, सगळ्यांना एकच. ही आजार झाल्यावर देतात, आणि माझी लस तुम्हाला उपयोगाची नाही. गाठीचा तुकडा आणि थोडं रक्त घ्यायचं, दोन्हीतला डीएनए वाचून ताडून बघायचा, फक्त गाठीतच आढळणारे बदल वेगळे काढायचे. त्यांतले कुठले त्या माणसाच्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशींच्या नजरेला पडतील याचा अंदाज संगणकावर बांधायचा आणि निवडलेल्या बदलांचा मजकूर एमआरएनएत लिहून टोचायचा. अंगातल्या शिपायांना चोराचा फोटो दाखवण्यातला प्रकार. मॉडर्ना आणि मर्क यांच्या लशीत असे ३४ पर्यंत फोटो असतात. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या १५७ जणांवर तिची चाचणी झाली. पेम्ब्रोलिझुमॅबच्या जोडीला लस दिलेल्यांत आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी निघाला. सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्यात हा आकडा ४९ वर गेला. रुग्ण थोडे आहेत हे मला दिसतं, म्हणून ढोल वाजवत नाही. पण दुर्लक्ष करण्याजोगंही हे राहिलेलं नाही.

माझ्या डोक्यातून जात नाही ती दुसरी चाचणी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाची. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ऑपरेशन व्हायचं आणि गाठीचा तुकडा विमानानं जर्मनीतल्या माइन्झला, बायोएनटेककडे जायचा. त्यावरून लस बनून परत यायची आणि ऑपरेशननंतर सुमारे नऊ आठवड्यांत पहिली सुई टोचलेली असायची. १६ जणांना दिली, आठ जणांच्या शरीरानं तिला दाद दिली, आणि तीन वर्षांनंतरही त्या आठांतल्या सहा जणांचा आजार उलटलेला नव्हता. स्वादुपिंडाचा कर्करोग ज्यांनी घरात बघितलाय त्यांना या आकड्याचं वजन सांगावं लागणार नाही.

तिकडे तुकडा अटलांटिक ओलांडून वेळेवर पोचतो. आमचा चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर येताना दोन दिवस कट्ट्यावर बसतो.

आणि हे सगळं परदेशातच चालणार असंही मला कुणी सांगू नये. देशातली पहिली एमआरएनए लस, कोविडची, आपल्या हिंजवडीत, जेनोव्हात तयार झाली. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली, तीही साध्या फ्रिजच्या २ ते ८ अंशांत टिकणारी. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस पेशींवर काम करतं, पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, डीएनएच्या माहितीचे डोंगर उपसायचे तर सी-डॅक आहे, मांजरीला सीरम आहे. पीएमपीच्या एका दिवसाच्या पासात सगळं फिरून होईल. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, सुधारून परत देणारी नेक्सकार१९ ही उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरीही मिळाली. मग लशीचं काम आपल्याकडे उभं राहील तेव्हा पहिला प्रश्न काय असेल? यंत्र आहे का, हा नव्हे. रुग्णाची गाठ कुठाय, हा. आणि तिकडे खिडकीवर कागद लागलाय की तीन वर्षांपूर्वीचं सगळं नष्ट.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली ह्या कागदाबद्दल. तीन वर्षं हा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांची संस्था ब्लॉक किमान दहा वर्षं ठेवायला सांगते. आतड्याचा, स्तनाचा कर्करोग चार-पाच वर्षांनीही उलटू शकतो हे तुम्हीच आम्हाला फॉलोअपच्या तारखा देताना सांगता. म्हणजे ज्या वर्षी ब्लॉक लागायची शक्यता, त्याच्या आदल्या वर्षी तो जाळायचा.

दुसरी तक्रार मालकीची. कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यायला हवीत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून आहे. ब्लॉकच्या बाबतीत मात्र प्रत्येक खिडकीचा नियम वेगळा. एके ठिकाणी डिपॉझिट, दुसरीकडे शपथपत्र, तिसरीकडे 'ब्लॉक आमची प्रॉपर्टी आहे' असं तोंडावर सांगितलं गेलं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत, संशोधनासाठी दिलेल्या नमुन्याची मालकी देणाऱ्याची आणि संस्था फक्त विश्वस्त, असं म्हटलंय. ते संशोधनापुरतं आहे हे मान्य. पण संशोधनाला स्वखुशीनं दिलेला तुकडा माझा, आणि उपचारासाठी पोट फाडून काढलेला तुमचा, हे कुठल्या न्यायानं? आणि कुणी थिसिससाठी नेले असतील तर ह्यांना विचारलं कुणी? ह्यांनी दिलेही असते. शिकणाऱ्या पोरांना हे कधी नाही म्हणाले नसते.

तिसरी, बरणी नातेवाइकाच्या हातात देण्याची. यावर जास्त लिहीत नाही. लिहायची वेळ यावी हेच पुरे.

चौथी तक्रार थोडी वेगळी आहे. २०२३ च्या त्याच उन्हाळ्यात, तुमच्या ओपीडीच्या बाकावर एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. साहेबांचा रिपोर्ट बघू का म्हणाले. मग 'पर्सनल व्हॅक्सिन' सांगितली. तुमच्याच रक्तातून बनते, सहा डोस, नऊ लाख, साइड इफेक्ट शून्य, गाठ विरघळते. घरी येऊन मी मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं वजन करून ठेवलं होतं, हे आज लिहायला लाज वाटत नाही. भाच्यानं एकच प्रश्न विचारला : याची चाचणी सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदलेली आहे का, नंबर काय? गृहस्थांनी त्यानंतर फोन उचलला नाही.

रुग्णाच्याच रक्तातल्या पेशींपासून बनणाऱ्या असल्या लशीमागचं, डेन्ड्रिटिक पेशींच्या लशीमागचं, शास्त्र खोटं नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी सिप्युल्युसेल-टी या लशीला अमेरिकेत २०१० मध्ये मंजुरी मिळाली. तिनं आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढवलं, गाठ विरघळवली नाही. खऱ्या शास्त्राचा दावा असा चार महिन्यांचा असतो आणि बाकावरच्या माणसाचा दावा जन्माचा. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. प्रयोगातल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत हेही आयसीएमआर सांगते. हे सगळं तुम्हाला पाठ असेल. तरी तो माणूस तुमच्या छताखाली, तुमच्या बाकावर, माझा रिपोर्ट वाचत बसला होता. जिथं खऱ्या उपचाराबद्दल कुणी दोन वाक्यं बोलत नाही तिथं असले लोक बोलतात, आणि आम्ही ऐकतो.

तुमची बाजूही मला थोडीफार ठाऊक आहे. जागा नाही, माणसं नाहीत, वर्षाला हजारो ब्लॉक जमतात. जागेचं म्हणाल तर आमच्या विभागातल्या एका लोखंडी कपाटात असल्या हजारो कॅसेट मावल्या असत्या. पैसे लागत असतील तर मागा. बिलात हातमोज्यांचे, कापसाचे, 'मिसलेनियस'चे पैसे आम्ही भरतोच, ब्लॉक ठेवण्याचेही भरू. आमच्या बाजूनंही सगळं धुतलेलं नाही. घरी नेलेले ब्लॉक माळ्यावर पत्र्याखाली ठेवून मेण वितळवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. फाइल रद्दीत घालणारीही. पण आम्हाला कुणी सांगितलेलंच नसतं की तो तुकडा जपायचा असतो.

म्हणून मागण्या. एकही अशी नाही की जिला परदेशी यंत्र लागेल.

तो कागद आधी काचेवरून काढा. दहा वर्षांच्या आतला एकही ब्लॉक नष्ट करू नका. त्यानंतर करायचाच असेल तर रुग्णाच्या नोंदवलेल्या फोनवर आणि पत्त्यावर तीन महिने आधी कळवा, आणि हवा असेल त्याला तो घेऊन जाऊ द्या. प्रत्येक ब्लॉकच्या ये-जा करण्याचं रजिस्टर ठेवा : कुणी नेला, कशासाठी, कधी परत आला, सही. थिसिसला नेला तरी सही, विभागप्रमुखांनी नेला तरी सही. डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी जास्त छापा : ब्लॉकचे नंबर, त्यांतले गाठीचे कुठले, आणि ते कधीपर्यंत ठेवले जातील. नुसती ती दुसरी ओळ असती तर मी कडांचे ब्लॉक डब्यात घालून दादरला गेले नसते.

बरणीवर नाव, फॉर्मालिनमध्ये घातल्याची वेळ आणि नेणाऱ्याची सही असावी, आणि नेणारा रुग्णालयाचा कर्मचारी असावा. शनिवार-रविवारी लॅब बंद असेल तर निदान नमुना उघडून नीट बुडवून ठेवणारं कुणीतरी असू द्या. ब्लॉक किंवा स्लाइड मागितली तर कागदपत्रांसारखी ७२ तासांत द्या.

ऑपरेशनच्या आधी संमतिपत्रावर सह्या घेताना एक प्रश्न वाढवा : गाठीचा छोटा तुकडा आणि रक्ताची एक नळी गोठवून ठेवायची आहे का, खर्च इतका, मुदत इतकी. उणे ८० अंशांचा फ्रीजर प्रत्येक छोट्या रुग्णालयाला परवडणार नाही, हे मला समजतं. चार-पाच जणांनी मिळून एक ठेवा. रक्तपेढ्या एकमेकींना पिशव्या देतात तसंच. हे मात्र स्पष्ट सांगा, की त्यातून लस मिळेलच असं नाही. खोटी आशा विकणारे बाकावर बसलेले आहेतच, तुम्ही ते काम करू नका.

आणि ओपीडीत मराठीत एक फलक लावा : कुणी प्रायोगिक उपचार सुचवला तर सीटीआरआयचा नंबर मागा, आणि पैसे देऊ नका. पाटी लावायचीच तर ही लावा.

यांतल्या कुठल्या मागण्या मान्य आणि कुठल्या नाहीत, ते एका महिन्यात आपापल्या सूचनाफलकावर लिहून लावावं ही विनंती. या वेळी सही आणि तारखेसह.

ता. क. ते चार ब्लॉक अजून माझ्याकडे आहेत. त्याच डब्यात, त्याच रुमालांत, घरातल्या सगळ्यांत थंड कपाटात. तुमच्याच रुग्णालयातले आहेत. परत हवे असतील तर माणूस पाठवा, देईन. सही घेऊन.

आपली,
एका रुग्णाची पत्नी, निवृत्त बँक कर्मचारी
सहकारनगर, पुणे